मामाची तेरीज जुळायचीच

मामाच्या सलूनमध्ये घड्याळ दाराच्या वर आहे आणि मोठा आरसा दाराच्या बरोबर समोर. कात्री चालवणाऱ्याची पाठ दिवसभर दाराकडे. त्यामुळे किती वाजले ते मामा आरशातच बघतो, म्हणजे उलट्या काट्यांवरून. वर्षानुवर्षं हेच चाललंय. आता सरळ घड्याळ समोर आलं की त्याचा घोटाळा होतो.

आम्ही दोघं संध्याकाळच्या एकाच कॉलेजात, एकाच वर्गात आहोत. हे मी पाहुण्यांसमोर सांगायला लागलो की आई विषय बदलते. मामा तिचा पाठचा भाऊ, चाळिशी उलटलेला. यंदाचं वर्ष सुरू झालं त्या संध्याकाळी मी बाकावर टेकतोय न टेकतोय तोच तो धापा टाकत आत शिरला. खांद्याला पिशवी, बाहीवर कुणाचे तरी केस. भिंतीवरच्या घड्याळात सहाला दहा मिनिटं कमी होती. मामाने सहा वाजून दहा वाचले.

"माफ करा मॅडम," तो दारातूनच म्हणाला, "गिऱ्हाईक अर्ध्यावर होतं. अर्धी मिशी ठेवून येता येत नाही."

फळा पुसणाऱ्या बाईंनी मागे वळून बघितलं. "बसा की. मॅडम यायच्यात अजून. मी झाडायला आलेय."

वर्ग खदखदला. "मामा, इकडे ये, बस," मी ओरडलो, आणि झालं. त्या घटकेपासून तो सगळ्या वर्गाचा मामा झाला. दुसऱ्या आठवड्यात शिपाईसुद्धा त्याला मामा म्हणत होता, आणि शिपाई त्याच्याहून मोठा आहे.

आता हा माणूस या वयात पहिल्या वर्षाला का बसला, ते सांगतो. सलूनचे मालक म्हातारे आहेत. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि ते गल्ल्यावर बसू लागले. फार पूर्वी त्यांचे एक भागीदार होते. त्या गृहस्थांना कागदाचा तिटकारा. सगळा हिशेब डोक्यात. "आणि एके दिवशी तो डोकं घेऊन गेला, तो गेलाच," मालक सांगतात. "हिशेब डोक्यातच राहिला." तेव्हापासून त्यांनी शपथ घेतल्यासारखं ठरवून टाकलं: भागीदार घेतला तर हिशेब लिहिता-वाचता येणारा, नाहीतर घेणारच नाही.

त्यांनी मामाला सरळ सांगितलं होतं. "मला मुलीकडे जाऊन राहायचंय. दुकान तू चालव. जागा माझी, मेहनत तुझी, नफा निम्मा-निम्मा. पाटीवर तुझं नाव. पण कॉलेजातला तो हिशेबाचा पेपर सुटलेला दाखव."

"आणि नाही सुटला तर?"

"तर शेजारचा चपलावाला आहेच. मधली भिंत पाडायला केव्हाचा हातोडा घेऊन बसलाय."

मामा तसा बारावी. तीही लग्नानंतर, बाहेरून बसून काढलेली. त्याने कॉलेजात नाव घातलं आणि गेल्या वर्षी वित्तीय लेखांकनाचा पेपर देऊन बाहेर आला तो नाचतच. कारण त्याची तेरीज जुळली होती. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) रकमा एका पानावर मांडून दोन्हीकडच्या बेरजा घालायच्या. बेरजा सारख्या आल्या की गड्याने बाजी मारली, असा पोरांचा समज. बाहेर पोरं घाम पुसत होती, कुणाचं इतकं कमी, कुणाचं तितकं जास्त, आणि मामा मात्र सगळ्यांना चहा पाजत होता.

निकालात शंभरपैकी अकरा.

मामाने उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत लाल फुल्या. आणि शेवटी त्याच्या त्या बरोबर जुळलेल्या बेरजांखाली तपासणाऱ्याने नुसतं एक मोठं प्रश्नचिन्ह काढलेलं. तो बिचाराही चक्रावला असणार.

"चुकलं असतं तर जुळलं असतं का?" मामा महिनाभर हेच विचारत होता. आम्हाला, मालकांना, खुर्चीत मान अडकलेल्या गिऱ्हाइकांना.

भानगड अशी होती, की मामाने सगळंच उलटं लिहिलं होतं. जे नावे लिहायचं ते जमा, जे जमा ते नावे. एखाद्या नोंदीची एकच बाजू उलटी झाली असती तर बेरीज बिघडली असती आणि त्याला संशय आला असता. पण मामाचं काम सफाईचं. एकही नोंद सुटली नव्हती. शर्ट आतबाहेर घातला तरी बटणं लागतातच की!

मालकांनी त्याला अजून एक वर्ष दिलं. "एकच," ते म्हणाले, आणि मुलीला तसं कळवूनही टाकलं.

म्हणून यंदा आम्ही मांडीला मांडी लावून बसलो होतो. शिकवायला नव्या मॅडम होत्या. वयाने मामापेक्षा बऱ्याच लहान, आवाज मात्र शेवटच्या बाकापलीकडे रस्त्यावर जाईल असा. त्यांनी पहिली नोंद फळ्यावर लिहिली. माल रोखीने विकला: रोख खाते नावे, विक्री खाते जमा. येईल ते नावे, जाईल ते जमा.

मामाचा हात वर. पिशवीतून त्याने बँकेचं पासबुक काढलं. हे तो पुरावा म्हणून घेऊनच आला होता.

"मॅडम, आम्ही बँकेत पैसे टाकतो, तेव्हा बँक लिहिते जमा. काढतो तेव्हा लिहिते नावे. तुम्ही सांगताय त्याच्या बरोबर उलटं. मग बँकेला येत नाही का?"

पोरांनी बाकं वाजवली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पासबुक हातात घेऊन नीट बघितलं.

"बँकेला येतं, मामा," त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन एकदम खोकल्या. "म्हणजे, अहो, हे पुस्तक बँकेचं आहे. तुमचे पैसे तिच्याकडे आले, म्हणून ती तुमचं देणं लागते. तिच्या वहीत तुम्ही जमा. पण तुमच्या वहीत बँक नावे. कुठलीही नोंद दिसली की आधी विचारायचं, वही कोणाची?"

"हो हो," मामा म्हणाला. पण केस छान झालेत असं सांगितल्यावर गिऱ्हाईक मागचा छोटा आरसा मागतं ना, तसा चेहरा करून बसला.

त्या दिवशी त्याने सगळ्या नोंदी सरळ केल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलट्या. मॅडम सांगायच्या, तो खोडायचा, आणि हात फिरून आपल्या वळणावर. दुकानात वस्तऱ्याला नवं पातं लावताना तो पुटपुटायचा, "येईल ते नावे, जाईल ते जमा." गिऱ्हाइकं विचारायला लागली, "मग माझी दाढी कशात धरताय?"

घरी मामी परीक्षा घ्यायची. मामी रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी मोजून घेण्याच्या कामावर. तिच्या हातून उशीचा अभ्रासुद्धा कधी हरवत नाही. ती ओट्यापाशी उभी राहून विचारायची, "फर्निचर आणलं रोखीने. सांगा."

"रोख नावे..."

"चूक."

"थांब ना, पूर्ण तर होऊ दे."

"पहिल्याच शब्दाला चूक, पुढे काय पूर्ण करायचंय? अहो, दोन ओळींचं काम. एक इकडे, एक तिकडे. इतकी वर्षं माणसांच्या दोन कानांमधून वस्तरा फिरवताय, कधी डाव्याच्या ऐवजी उजव्याला गेलात का?"

"तिथे कान असतो," मामा म्हणाला. "इथे धरायला काही नाही."

मला त्याचं हसू आलं तेव्हा. पण तो खरंच कळवळून बोलत होता.

सहामाहीला त्याची तेरीज पुन्हा अचूक जुळली आणि त्याला चौदा मार्क पडले.

"तीन मार्कांची प्रगती," मी म्हणालो. "या वेगाने पन्नाशी उलटल्यावर पास होशील."

तो हसला नाही. त्या दिवशी चपलावाला टेप घेऊन आला होता. मधल्या भिंतीला लावून बघत होता. "सहज," तो म्हणाला. "लांबी किती येते ते बघतोय." मालकांनी वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरलं. मामा टेपच्या या टोकाशी उभा राहून एका आजोबांचे कल्ले सारखे करत होता, आणि टेपच्या धातूचा खर्र आवाज झाला की त्याची कात्री थांबत होती. पाटी, भागीदारी सगळं राहू दे, भिंत पडली तर त्याची खुर्चीही जाणार होती. हे मला त्या दुपारी पहिल्यांदा नीट दिसलं, आणि मी त्याची चेष्टा करणं दोन दिवस बंद केलं. जास्त जमलं नाही.

मग ती रिकामी दुपार आली. मला एका ठिकाणी अर्धवेळ नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं. मी फोनमध्ये एका जाहिरातीतल्या देखण्या पोराचा फोटो घेऊन दुकानात गेलो. दुकानात मालक आणि मामा, दोघंच. मालक स्टुलावर पेंगत होते.

"असे कर," मी खुर्चीत बसत म्हणालो.

मामाने फोटोकडे एकदा बघितलं, फोन मला परत दिला आणि कामाला लागला. मामाचा हात चालताना बघावा. कंगवा पुढे, कात्री मागे, दोन्ही एका श्वासात. शेवटी त्याने भांग पाडला आणि माझी मान आरशाकडे सरळ केली.

मी फोन आरशाशेजारी धरला. "मामा! उलटा काढलास. फोटोत भांग उजवीकडे आहे, माझा डावीकडे दिसतोय."

"बरोबर आहे."

"काय बरोबर? नोंदी उलट्या, आता केसही उलटे?"

"गाढवा," मामा म्हणाला. कामात खोट काढली की तो वेगळाच माणूस होतो. "फोटोतला पोरगा तुझ्याकडे तोंड करून बसलाय. त्याची डावी बाजू तुझ्या उजवीकडे येणार. भांग त्याच्याही डावीकडेच आहे. लोक तुला समोरून बघणार ना? त्यांना हुबेहूब दिसेल. आण तो फोन." त्याने माझ्यासमोर येऊन माझा फोटो काढला आणि दाखवला. भांग उजवीकडे. जाहिरातीतल्यासारखाच. चेहऱ्याचं काही सांगता येत नाही.

"मग आरशात डावीकडे का?"

"कारण आरशात तू तुझ्याच बाजूने बघतोस. डावं ते डावंच राहतं. मी तुझ्या मागे उभा आहे, म्हणून माझंही डावं तेच. पण समोर कोणी उभं राहिलं की त्याची बाजू बदलली. हे पहिल्या महिन्यात शिकावं लागतं. नाहीतर फोटो घेऊन येणारं प्रत्येक गिऱ्हाईक उलटं होऊन जाईल. समोर तोंड करून बसलेलं काहीही दिसलं की आपोआप फिरवून घ्यायचं, हात..."

तो बोलायचा थांबला. कंगवा माझ्या डोक्यावर तसाच टेकलेला.

"मामा?"

"एकच डोकं," तो हळूच म्हणाला. "भांगही एकच. फक्त बघणारा कुठे उभा आहे..." मग त्याने माझ्या गळ्यातला कपडा सोडायच्या ऐवजी आणखी घट्ट केला. "उठू नकोस. हलू नकोस. तू दुकान आहेस."

"मी काय?"

"दुकान. गप्प बस, दुकान बोलत नाही. मालक! मालक, उठा. स्टूल घेऊन याच्या समोर बसा. याच्याकडे तोंड करून."

मालक दचकून जागे झाले. "मी कशाला?"

"तुम्ही बँक."

"बरं झालं," मालक स्टूल सरकवत म्हणाले. "एकदा तरी."

मामा माझ्या मागे जाऊन उभा राहिला, जिथे तो आयुष्यभर उभा आहे. दाढीचा ब्रश साबणात बुडवून त्याने कडेने पुढे वाकून मालकांच्या डोक्यावरून हात लांब करत आरशावर एक मोठी उभी रेघ ओढली आणि वर एक आडवी. डाव्या बाजूला लिहिलं नावे, उजव्या बाजूला जमा. फेस ओघळायला लागला. मालकांची पाठ आरशाकडे होती, म्हणून मामा वाचला. नाहीतर त्या फेसाची किंमत त्यांनी तिथल्या तिथे सांगितली असती.

"आता बघ. कपड्यातून हात बाहेर काढ. जे दुकानाकडे येईल ते दुकानाच्या डाव्या हातात." त्याने माझ्या डाव्या हातात कंगवा दिला. "हे माझं पासबुक धर. दुकानाने बँकेत पैसे टाकले. दुकानाला काय आलं? बँकेकडचं येणं. डावा हात. नावे. मालक, तुम्हाला ते फेडायचंय, तुम्ही देणं लागता. देणं उजव्या हातात. उजवा हात पुढे करा."

मालकांनी उजवा हात पुढे केला. तो बरोबर माझ्या डाव्या हातासमोर आला. पासबुकाचं एक टोक माझ्या डाव्या हातात, दुसरं मालकांच्या उजव्या हातात.

मालक पासबुकाकडे बघतायत, मी मालकांकडे, आणि मामा आमच्या डोक्यांवरून आरशाकडे.

"एकच गोष्ट आहे रे," तो म्हणाला. "याचं डावं, तेच त्यांचं उजवं. पासबुक म्हणजे बँकेने समोरून काढलेला फोटो. आपली वही म्हणजे आरसा. आणि मी इतके दिवस समोर उभा राहून दुकानाचा भांग काढत होतो. खुर्चीच्या मागे यायला हवं होतं!"

"मी आता हात खाली करू का?" बँकेने विचारलं.

"नाही. आता फर्निचर घेऊ."

त्या दुपारी मी फर्निचर घेतलं, माल विकला, भाडं दिलं, पगार दिले, आणि मालक कधी बँक, कधी व्यापारी, कधी घरमालक झाले. शेवटी माझ्या डाव्या हातात कंगवा, कात्री, पावडरचा डबा आणि टॉवेल जमले होते. मुलाखतीला मी उशिरा पोहोचलो. नोकरी गेली, पण भांगाचं कौतुक झालं.

दुसऱ्या दिवशी मामाने हे सगळं मॅडमना सांगितलं, हातवाऱ्यांसकट. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांचे डोळे चमकत होते, पण त्या पडल्या मॅडम.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण उपमेला मार्क नसतात, नोंदीला असतात. या दहा नोंदी करून दाखवा. माझ्यासमोर."

मामा बाकावरून उठला, बाकाच्या मागे जाऊन उभा राहिला आणि वाकून लिहायला लागला. डावा हात मधूनच हवेत पुढे यायचा, काहीतरी धरल्यासारखा. दहाच्या दहा सरळ. मॅडमनी अकरावी घातली: मशीनवर घसारा. मामाने विचारलं, "म्हणजे वापरून वापरून धार जाते, तिची रक्कम?" "तीच." तीही सरळ. मग मॅडमनी त्याला सोडलं नाही. बँक जुळवणी पत्रक, जिथे आपली रोखवही आणि बँकेचं पासबुक यांच्या शिलका वेगवेगळ्या का येतात ते शोधायचं असतं, तो धडा पोरांना भुतासारखा वाटतो. त्याची गणितं मॅडम मामाकडून रोज करून घ्यायला लागल्या. आणि मामाही मिटक्या मारत करायचा. फोटो आणि आरसा शेजारी ठेवून फरक शोधायचा, हे तर त्याचं रोजचंच काम!

परीक्षेच्या हॉलमध्ये त्याने पर्यवेक्षकांना विचारलं, "साहेब, मी शेवटच्या रांगेत आहे. उभं राहून लिहिलं तर चालेल का?"

पर्यवेक्षकांनी आवाज खाली आणला. "बसायला त्रास होतो का? काही दुखणं?"

"नाही, सवय आहे."

त्यांनी आधी त्याच्या खिशांवरून नजर फिरवली, मग बाकाखाली वाकून बघितलं, मग म्हणाले, "उभे राहा. पण पुढच्याच्या पेपरावर नजर गेली तर कायमचे उभे करीन."

पुढचा मी होतो. सांगायला हरकत नाही, माझ्या पेपरात बघण्यासारखं काही नव्हतं. बँक जुळवणीचा प्रश्न आला तेव्हा हॉलभर एक सुस्कारा निघाला. मी डावा हात पुढे करून बसलो, कंगवा आठवला, पासबुक आठवलं, मालकांचा चेहरा आठवला, आणि नेमकी बाजू आठवेना. माझ्या मागून मात्र पेनचा आवाज येत होता, कात्रीसारखा, न थांबता.

घरी मामी दारातच उभी होती. "कसा गेला?"

"तेरीज जुळली," मामा म्हणाला.

"अरे देवा!" मामी मटकन बसलीच.

निकाल लागला तेव्हा कॉलेजच्या व्हरांड्यात काचेच्या फळ्यापाशी ही गर्दी. मामा मागे थांबला. मालकांनी मुलीला दुसऱ्या दिवशी काय ते कळवायचा शब्द दिला होता. एक तर हो, नाहीतर चपलावाला.

"तू बघ," मामा म्हणाला. "समोरचं मी फिरवून वाचतो."

मी गर्दीत घुसलो. त्याचा नंबर शोधला. पुन्हा बघितला. बोट ठेवून बघितला. परत आलो तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता, बाहीवरचे केस एक एक करून काढत.

"अठ्ठेचाळीस," मी म्हणालो.

पास व्हायला चाळीस लागतात. मामाने मला उचललं. खरोखर उचललं, लोकांदेखत, आणि ओरडला, "अठ्ठेचाळीस!" शिपाईमामांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम स्टाफरूमच्या दारातून धावत बाहेर आल्या.

"खाली ठेव, खाली ठेव," मी म्हणालो. "मी फिरवून सांगितलं. चौऱ्याऐंशी आहेत."

तो मला खाली ठेवायचा विसरला. मॅडमनी स्वतः जाऊन फळ्यावर बघितलं आणि तिथूनच हात वर केला. या खेपेला त्याही हसल्या, व्हरांडाभर ऐकू जाईल अशा. "मामा, वर्गात पहिले!"

मामाने डोळे पुसले, मग एकदम माझ्याकडे वळला. "आणि तुझे?"

"एकसष्ट."

"फिरवले तर सोळा," तो म्हणाला. "तुला सरळच बरं."

मालकांनी गुणपत्रिका चष्म्याजवळ नेऊन वाचली, लांब नेऊन वाचली. "कागद कोणीही आणेल," ते म्हणाले. "या दुकानाचा ताळेबंद मांडून दाखव."

मामाने खिशातून घडी केलेला कागद काढला. आधीच मांडलेला होता. खुर्च्या, आरसे, मशीनं, गल्ल्यातली शिल्लक, सगळं एका बाजूला. मालकांनी बोट फिरवलं.

"यात मी कुठे?"

"इथे. भांडवल. दुकान तुमचं इतकं देणं लागतं."

"माझं दुकान, आणि तेच माझं देणं लागतं?"

"दुकान वेगळं, तुम्ही वेगळे. खुर्चीत दुकान बसलंय. आपण मागे उभे."

"आणि हे काय, उचल?"

मामा जरा घुटमळला. "रोज गल्ल्यातून तुम्ही बिस्किटांना पैसे घेता ना. ते."

मालकांनी त्या आकड्यावर बोट रोखलं. "इतकी बिस्किटं खाल्ली मी?" मग त्यांनी गल्ल्याची किल्ली काढून ताळेबंदावर ठेवली. "माझ्या त्या भागीदाराला हे येत असतं ना," ते म्हणाले, "तर मी कधीच सावध झालो असतो. घे. उद्यापासून तुझीही उचल लिहायची. आणि त्या शेजाऱ्याला सांग, टेप घरी ठेव."

टेप नाही, पण चपलावाला स्वतः आला, केस कापायला. त्याला खुर्चीत बसवून मामाने इतक्या प्रेमाने त्याची मान पुढे वाकवली, की तो भिंतीविषयी एक अक्षर बोलला नाही.

पाटी रंगवणारा आला तो दिवस दुकानाच्या सुट्टीचा होता. मालकांना दाराच्या काचेवरच अक्षरं हवी होती, मोठी, पिवळी, लाल कडेची. त्यांचं नाव वर, मामाचं खाली, त्याच मापात. रंगाऱ्याने बाहेरून लिहिलं. मामी रस्त्यात उभी राहून सूचना करत होती. मी आत खुर्चीत बसलो होतो आणि मामा माझ्या मागे, नुसताच, हातात कात्री नसताना कंगवा धरून.

आतून दाराकडे बघितलं तर अक्षरं उलटी. पण मामा दाराकडे बघतच नव्हता. तो समोर बघत होता. आरशात वरचं घड्याळ नेहमीसारखं उलटं चाललं होतं, आणि त्याखाली काचेवरचं नाव सरळ, स्वच्छ, वाचता येईल असं.

"अहो, छान दिसतंय!" मामी बाहेरून ओरडली. "इथून अगदी स्पष्ट वाचता येतंय!"

"मलाही येतंय," मामा म्हणाला.

"तुम्हाला आतून कसं येईल? उलटं दिसत असेल!"

"तू बघ तर आत येऊन."

मामी आत आली, खुर्चीच्या मागे त्याच्या शेजारी उभी राहिली, आरशात बघितलं. पिवळी अक्षरं. लाल कड. तिने त्याचं नाव हळूच वाचलं, एकदा, आणि मग मोठ्याने, जसं धुलाईघरात चादरी मोजून झाल्यावर आकडा सांगते तसं. मग मागे वळून दारावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"आई गं, चार वाजून गेले! माझी ड्यूटी!"

"आठ वाजतायत," मामाही वळून बघत म्हणाला. "म्हणजे... थांब. कुठल्या बाजूने बघतेस तू?"

"तुम्ही चला आधी," मामी त्याच्या बाहीवरचा केस उडवत म्हणाली. "पहिला नंबर आलाय, तर आता घड्याळाच्याही पेपराला बसा."